अण्णांच्या तोंडचे शब्द

माझे वडील उभ्या आयुष्यात कधी कुणाला ‘क्षमस्व’ म्हणाले नव्हते. आजारी पडल्यावर ते दिवसातून चार वेळा म्हणायला लागले आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी एका कंपनीच्या नावाने बोटं मोडणार आहे, तेव्हा माझा वाटा कुणी विसरू नये.

अण्णा म्हणजे गणपती सातपुते, इचलकरंजीचे गणूजॉबर. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून चालू ठेवणारा माणूस. एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग एकदम खडखडत असतात, तिथे शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून मागवाले आवाजाच्या भानगडीत पडतच नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. अण्णांनी वीस हातांवरून दिलेली शिवी नेमक्या माणसाला पोहोचायची. घरी जेवतानाही त्यांना सवयीने आवाज काढायचं सुचायचं नाही. ते ओठ हलवायचे आणि आई आमटी वाढायची.

मी शिकले, सांगलीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागले. आई गेली. मग अण्णांना चेतापेशींचा आजार झाला. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज. अशा रुग्णांचे डोळे बऱ्याचदा शेवटपर्यंत साथ देतात, पापणीने हो-नाही सांगता येतं. अण्णांच्या पापण्या लवकर सैल पडल्या आणि आपोआप मिटायला लागल्या. राहिले ओठ आणि जीभ, तेही जेमतेम.

तेव्हा आम्ही ते यंत्र घेतलं. आपण बिनआवाजाचं बोललो तरी मेंदू ओठांना, जिभेला, जबड्याला हुकूम सोडतच असतो. त्या हुकमाने स्नायूंत विजेची अतिशय बारीक हालचाल होते. हनुवटीवर आणि गालांवर चिकटवलेली एक पट्टी ती टिपते आणि लॅपटॉपमध्ये बसवलेलं कार्ड तिच्यातून अक्षरं ओळखतं. लॅपटॉपवर कंपनीची ‘मैत्र’ नावाची प्रणाली होती आणि तिच्यातच विणलेला ‘हितगुज’ हा बोलणारा भाग. अण्णांचा आवाज पूर्ण जायच्या आधी कंपनीने तीन तास त्यांच्याकडून वाचून घेतलं होतं. त्यामुळे पलंगाशेजारच्या पेटीतून यायचा तो आवाज त्यांचाच असायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी रडले. चाळीस वर्षं नुसत्या ओठांनी बोललेल्या माणसाला हे यंत्र काय जड जाणार, असंही वाटलं.

पेटी म्हणायची, “क्षमस्व, जरा पाणी मिळेल का?” पेटी म्हणायची, “मला इथे सांगलीत छान वाटतंय.” मी इचलकरंजीचं घर बंद केलं. पेटी म्हणाली, “पोटात नळी घालायला माझी हरकत नाही.” नळी घातली. नातेवाईक म्हणाले, दुखण्याने गणूजॉबर सुधारला. मीही हसले.

मग श्वास कमी पडायला लागला. मिरजेच्या डॉक्टर हेर्लेकरांनी विचारलं, पुढे वेळ आलीच तर गळ्याला छेद देऊन श्वासाचं मशीन लावायचं का? पेटी म्हणाली, “नको. तुम्हा सर्वांना माझा त्रास नको. मी समाधानी आहे.” सरकारचा नियम होता की प्रमाणित प्रणालीतून उमटलेलं बोलणं म्हणजे रुग्णाचंच बोलणं. ‘मैत्र’ प्रमाणित होती. डॉक्टरांनी तसं पत्र केलं आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, खाली तळाला कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं.

हिराक्का आली ती त्यानंतर महिन्याभराने, यंत्र घेतल्याला आठ महिने होत आले तेव्हा. अण्णांच्या शेडमध्ये ती कांड्या भरायची, धोट्यात घालायच्या सुताच्या. आता अठ्ठ्याहत्तरची होती. पिशवीतून चिवडा काढून माझ्या हातात दिला आणि पलंगाजवळ गेली.

“काय गणूजॉबर, वळखलं का?”

पेटी म्हणाली, “नमस्कार हिराताई. तुम्ही आलात, फार आनंद झाला. तब्येत कशी आहे?”

हिराक्काने पेटीकडे बघितलंच नाही. चष्मा वर सरकवून ती अण्णांच्या तोंडावर वाकली.

“हे कोण बोलतंय?”

“अण्णाच. मशीनमधनं.”

“गप. ह्यो असलं काय म्हणंना झालाय.” ती आणखी वाकली. “मला हिराताई ह्यानं जन्मात म्हटलं न्हाई. ‘हिरे’ म्हणाला. मग काय तरी लांबडं, ते लागलं न्हाई मला. ओठ लई बारीक हलत्यात गं. चार शब्दांत एक लागतोय.”

पेटी म्हणाली, “बसा ना, चहा घ्या.”

“आता काय म्हणाले?” मी विचारलं.

“आता? ‘बंद कर’ म्हणाला. परत ‘बंद कर’. आणि एक शिवी दिली. ती बरोबर वळखली मी, रोज खाल्लीया.”

मला वाटलं म्हातारी काहीतरी बरळतेय. पण मी संख्याशास्त्राची बाई आहे, तपासल्याशिवाय सोडवेना. मी अण्णांच्या हनुवटीवरची पट्टी काढली आणि त्यांच्या उजव्या हाताच्या पंजावर चिकटवली. त्या हातात दीड वर्ष काहीही हललेलं नव्हतं.

“अण्णा, कसं वाटतंय?” मी विचारलं.

पेटी म्हणाली, “बरं वाटतंय. तुम्ही सगळे माझं किती करता.”

माझ्या वडिलांच्या आवाजात, माझ्या वडिलांच्या निर्जीव पंजातून. हिराक्का माझ्याकडे बघत म्हणाली, “मागवाल्याची पोर तू. तोंडाकडं बघायचं सोडून पेटीकडं कशाला बघत बसलीस?”

 

मी कंपनीला फोन लावला. पलीकडे गोड आवाजाचा माणूस होता, आणि माणूसच होता की नाही कोण जाणे.

“मॅडम, संकेत क्षीण असतील तेव्हा आमची प्रणाली संदर्भ बघून वाक्य पूर्ण करते. कठोर भाषा सौम्य करते. या सुविधेमुळे कुटुंबीयांचं समाधान त्र्याण्णव टक्क्यांवर गेलेलं आहे.”

“आणि रुग्णांचं?”

“रुग्णांचे अभिप्रायही उत्तम आहेत, मॅडम.”

“ते अभिप्राय कसे देतात?”

“आमच्या प्रणालीतूनच बोलून देतात.”

मी म्हटलं, ही सुविधा बंद करा. तो म्हणाला, ती सुविधा मूळ प्रणालीतच आहे, वेगळी करता येत नाही. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी मरायचं की जगायचं हे तुम्ही संदर्भ बघून ठरवलंत का? तो म्हणाला, “आपल्या भावना मी समजू शकतो.” मी फोन भिंतीवर फेकला. त्याची काच फुटली, आणि कुणाला काही फरक पडला नाही.

हिराक्काच्या गल्लीत मोमीन सर राहायचे. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले. शाळांनी टाकून दिलेले लॅपटॉप गोळा करायचे आणि त्यांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालून परत पोरांना द्यायचे. रविवारी सकाळी हिराक्काबरोबर ते एसटीने सांगलीला आले. खिशात पेनड्राइव्ह होता आणि चेहऱ्यावर मागे पडलेल्या विद्यार्थ्याचा पेपर तपासणाऱ्या मास्तरांचा वैताग.

“ऐक पोरी,” ते म्हणाले. “असल्या कुठल्याही मशीनमध्ये दोन गोष्टी असतात. एक कान, एक अंदाज. कान जे ऐकतो ते सांगतो. जिथं कमी पडतो तिथं अंदाज पुढं होतो, की माणसं बहुतेक असं म्हणतात, तर हेही तसंच म्हणाले असतील. ह्यात पाप काही नाही. कान किती आणि अंदाज किती, हे ते तुला सांगत नाहीत, ते पाप. मशीनची आतली लिखावट कुलपात. मुक्त प्रणालीत कुलूपच नसतं. प्रत्येक ओळ उघडून वाच, नको ती काढ.”

हा धडा मीच दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवते. पुरावा जितका दुबळा, तितका आधीचा समज वरचढ. अण्णांचे स्नायू मरत गेले तसा पुरावा विरत गेला आणि हजारो सभ्य आजाऱ्यांची सरासरी त्यांच्या तोंडून बोलायला लागली. सभ्य आजारी माणूस काय म्हणतो? मला त्रास द्यायचा नाही. मी समाधानी आहे. दर वर्षी फळ्यावर लिहिते मी हे, आणि माझ्याच घरात मला दिसलं नाही. कारण ते सोयीचं होतं.

“दोन्ही प्रणाल्या शेजारी शेजारी ठेवता येणार नाहीत का?” मी विचारलं. “किंवा दुसरा लॅपटॉप आणू.”

“पट्टीचं कार्ड ह्याच लॅपटॉपमध्ये बांधलंय. आणि मैत्रला शेजार खपत नाही. दुसरी प्रणाली दिसली की ती कार्ड बंद करून टाकते. पुसायची तर पूर्ण पुसावी लागेल.” त्यांनी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. “आवाज जाईल. गणूचा आवाज कंपनीच्या खात्यात आहे. मैत्र पुसली की खातं बंद. मी आणलेल्या मुक्त प्रोग्रामला एकच आवाज येतो, पत्र्यासारखा.”

घरात अण्णांच्या आवाजाचं दुसरं रेकॉर्डिंग नव्हतं. जो माणूस ओठांनीच बोलला त्याचा आवाज कोण कशाला साठवून ठेवतो? म्हणजे एकीकडे अण्णांचा आवाज होता आणि परके शब्द, दुसरीकडे परका आवाज आणि कदाचित, कदाचितच, अण्णांचे शब्द. आहे तो श्वास फार तर दोन आठवडे पुरेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवीन प्रोग्रामला तेवढ्यात अण्णांचं बोलणं शिकवायचं होतं, तेही रोज आणखी क्षीण होणाऱ्या ओठांवरून.

विचारणार कुणाला? पेटीला विचारून उपयोग नव्हता. मी अण्णांच्या कानाशी गेले. “अण्णा, मशीनमधलं सगळं पुसायचंय. तुमचा आवाज जाईल. पुसू का?”

हिराक्का वाकली. “‘पूस’ म्हणाला.” थोडं थांबून, “परत ‘पूस’.”

तरी माझं बोट अडलं. मी पट्टी परत हनुवटीला लावली आणि म्हटलं, अण्णा, एकदा मला हाक मारा. पेटी म्हणाली, “रेश्मा बाळ.” अण्णांनी मला बाळ कधीच म्हटलं नाही. मी लहान होते तेव्हाही रेशमे, आणि चिडले की नुसतं ए. मी मोमीन सरांना म्हटलं, पुसा.

मैत्रने तीनदा विचारलं. ‘या बदलामुळे आपल्या प्रियजनांची सुरक्षितता धोक्यात येऊ शकते. नक्की?’ तीनदा मी ‘हो’वर बोट मारलं, तिसऱ्यांदा इतक्या जोरात की लॅपटॉप टेबलावरून सरकला. मग पडदा काळा झाला, पांढऱ्या ओळी भराभर वर सरकल्या आणि चाळीस मिनिटांनी एक साधा निळा पडदा आला. कार्ड ओळखलं जाईना. मोमीन सरांनी तीन तास डोकं खाजवलं, दूर ब्राझीलमधल्या एका बाईला प्रश्न पाठवला. तिचा भाऊ अशाच दुखण्यात गेला होता आणि मूळ प्रोग्राम तिनेच लिहिलेला होता. तिच्याकडून दोन ओळींचं उत्तर आलं. त्या दोन ओळी घातल्या आणि कार्ड जागं झालं. पैसे कुणीच मागितले नाहीत.

पुढचे तीन दिवस आम्ही यंत्राला अण्णांचे ओठ शिकवले. अण्णांना ठरलेलं वाक्य बिनआवाजाचं बोलायला सांगायचं आणि यंत्राला सांगायचं की हे ते वाक्य. पुस्तकातली वाक्यं अण्णांना लागू पडेनात. मग हिराक्का म्हणाली, “त्याला शेडातलं बोलू दे की.” तार तुटली. बीम संपला. कांडी दे. माग बंद कर. ती वाक्यं त्यांच्या स्नायूंत इतकी मुरलेली होती की यंत्राची ओळख लगेच सुधारली. तिसऱ्या दिवशी हिराक्काने शिव्यांची यादी सांगितली. मोमीन सरांनी ती खाली मान घालून टाइप केली आणि मध्येच एकदा म्हणाले, “ही मला माहीत नव्हती.”

बुधवारी दुपारी मोमीन सरांनी अंदाजाचा काटा शून्यावर आणला. आता जे ऐकू येणार नाही तिथे यंत्र गप्प बसणार होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसायला लागला, ओळखलेल्या अक्षरांचा. शंभरातली एकतीस. शेडमधलं बोलणं शिकवूनसुद्धा एकतीस. म्हणजे आदल्या आठवड्यात पेटी शंभर अक्षरं बोलत होती तेव्हा त्यातली निदान एकोणसत्तर कंपनीची होती.

पत्र्याचा आवाज आला. कुणाचाही नसलेला, सरळसोट.

“रेशमे.” मग पोकळी. “आठ म्हैने.” पोकळी. “वरडतोय.” पोकळी. “मुडदा बशिवला तुझा.”

मी रडायला लागले. हिराक्का खूश झाली. “आला बघ,” ती म्हणाली. “ह्यो खरा गणूजॉबर.”

“अण्णा,” मी म्हटलं, “श्वासाचं मशीन. लावायचं का?”

“लाव.”

“गळ्याला छेद द्यावा लागतो. मग त्यावरच राहायचं.”

“ठावं हाय.” मोठी पोकळी. “मराचं न्हाई मला.”

“पत्रात तुम्ही नको म्हणाला होता.”

“मी न्हाई.” पोकळी. आणि पुन्हा, एकेक अक्षर सुटं, “मी न्हाई.”

गुरुवारी सकाळी त्यांचे ओठ निळे पडायला लागले. रुग्णवाहिकेतून मिरजेला नेलं. हिराक्का आदल्या संध्याकाळी इचलकरंजीला गेली होती, मोमीन सरही. डॉक्टर हेर्लेकर भले गृहस्थ होते, हे मी रागातही कबूल करते. त्यांनी फाइल उघडली, पत्र वाचलं आणि म्हणाले, “इथे स्पष्ट लिहिलंय, मॅडम. त्यांना त्रास होणार नाही एवढं आपण बघू.”

“त्यांना मशीन हवंय. त्यांनी मला सांगितलं.”

“कशातून?” त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. “ही प्रमाणित प्रणाली दिसत नाही.”

“नाही. ही खरी आहे.”

“असं चालत नाही हो. उद्या कुणीही उठून लॅपटॉपमध्ये काहीबाही घालील आणि आजारी बापाच्या नावाने हवं ते बोलवील. म्हणून तर नियम केलाय.”

“घातलंच होतं,” मी म्हटलं. मी ओरडत होते, बाहेरची माणसं दारात गोळा झाली होती. “आठ महिने घातलेलं होतं, तुमच्या नियमाने, शिक्का मारून! तुम्ही पेटीचं ऐकून पत्र केलंत आणि मी पेटीचं ऐकून सही केली. त्यांना कुणी विचारलं? मला बाहेर काढा. मला माहीत नसलेलं काहीतरी त्यांना बोलायला सांगा. काय ऐकू येतं ते बघा, आणि मग तुमचा नियम सांगा मला.”

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी लिहिलं, मला बाहेर उभं केलं आणि दार लावून घेतलं.

पाच मिनिटं गेली असतील. संख्याशास्त्रात पाच मिनिटांचं काय काय करता येतं ते मला माहीत आहे, तिथे काहीच करता आलं नाही. अक्षरं शंभरात एकतीस. त्यात त्यांचा श्वास तुटत होता. यंत्र नुसतंच गप्प राहिलं असतं तर पत्र खरं ठरलं असतं.

दार उघडलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला होता.

“मी त्यांची पापणी धरून चार शब्द दाखवले. दोन आले. दोन ठिकाणी यंत्र गप्प बसलं, चुकीचं काही बोललं नाही. मग मी पत्राबद्दल विचारलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्यांनी मला जे म्हटलं ते मी फाइलमध्ये लिहू शकत नाही. पण माणूस शुद्धीवर आहे, आणि त्याला जगायचंय. मी पत्र रद्द करतो. नियमाचं काय ते पुढे बघून घेईन.”

नर्सने शस्त्रक्रियेची तयारी सुरू केली. डॉक्टरांनी पलंगाच्या कडेला कागद ठेवला. “रद्द करायलाही साक्षीदार लागतो. मॅडम, तुम्ही इथे सही करा.”

मी पेन उघडलं. पत्र्याचा आवाज आला.

“ही नको.”

डॉक्टर अण्णांवर वाकले. मीही.

“आजोबा, ही तुमची मुलगी आहे,” डॉक्टर म्हणाले.

“ठावं हाय.” पोकळी. “हिला इचारू नका.” पोकळी. “हिराला बोलवा.”

मैत्र असती तर मला ऐकू आलं असतं, “रेश्माला आणखी त्रास नको, हिराताईंना बोलवा ना.” आणि मी डोळे पुसत, वडिलांच्या मायेने भरून येऊन, घरी गेले असते. आता जे होतं ते जसंच्या तसं ऐकू आलं होतं. मी पेन डॉक्टरांच्या हातात परत दिलं. एकदा अण्णांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलत होते, अगदी बारीक, आणि यंत्र गप्प होतं. काय म्हणत होते ते मला लागलं नाही. त्यांचा श्वास तासभर पुरेल असं डॉक्टर म्हणाले. मी बाहेर व्हरांड्यात आले आणि हिराक्काला फोन लावला.

“रिक्षा कर, गाडी कर, काय मिळेल ते कर,” मी म्हटलं. “अण्णांना तुझीच सही हवीय.”

“आणि तू कुठं हाईस?”

“मी आहे इथे,” मी म्हटलं. “माझी चालत नाही.”